बशी पालथी घालून पाहताना

आमच्या आत्याच्या घरी, गिरगावातल्या चाळीच्या दोन खोल्यांत, काचेचं एक कपाट होतं. वरच्या फळीवर चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी, मधल्या फळीवर बाहुल्या, आणि खालच्या फळीवर एक चहाचा सेट. 'जपानी सेट' हेच त्याचं घरातलं नाव. आतोबा बोटीवर नोकरीला होते. रत्नागिरीकडच्या त्या काळातल्या पुष्कळ माणसांसारखं त्यांचंही अर्धं आयुष्य समुद्रावर गेलं. १९५० च्या आसपास एका फेरीत त्यांनी कोबे बंदरातून हा सेट आणला. सहा कप, सहा बश्या, किटली, दुधाचं आणि साखरेचं भांडं. पांढऱ्या स्वच्छ अंगावर एक काळपट वाकडी फांदी, तिला पाच-पाच पाकळ्यांची फिकट गुलाबी फुलं, फांदीवर बसलेला हिरवट रंगाचा चिमुकला पक्षी आणि काठाला सोनेरी रेघ.

हा सेट वर्षातून एखाद्या वेळीच बाहेर निघे. घरात मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम असला किंवा आतोबांच्या कंपनीतलं कुणी बडं माणूस आलं, तर. आम्हा मुलांना त्याला हात लावायची सक्त बंदी. बंदी असलेल्या वस्तूचं मुलांच्या हातून जे व्हायचं तेच झालं. आठ वर्षांची असताना मी त्यातला एक कप फोडला. आत्या मला काही बोलली नाही. खाली बसून तिने तुकडे वेचले, एका हातरुमालात बांधले आणि कपाटाच्या खणात ठेवून दिले. एक बशी आता बिनकपाची उरली होती. दुसऱ्या दिवसापासून त्या बशीत देवापुढे साखरेचा नैवेद्य दिसू लागला.

पुढे कितीतरी वर्षांनी, आत्या गेल्यावर, हा सेट माझ्याकडे आला. पाच कप, पाच बश्या जशा आणल्या तशाच होत्या. सहावी मात्र रोज राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासून घासून वेगळीच झाली होती. सोनेरी रेघ पार गेलेली, फुलं पुसट, पक्ष्याची नुसती सावली उरलेली. धुवायला घेतली म्हणून मी ती सहज पालथी केली. पाठीवर लाल रंगाचे बारीक इंग्रजी शब्द होते: 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. म्हणजे 'व्याप्त जपानमध्ये बनवलेलं'.

इतकी वर्षं आम्ही सगळे त्या बशीचं पोट बघत होतो. पाठ कुणी पाहिलीच नव्हती. जुन्या जपानी भांड्यांचा छंद मला लागला तो त्या दिवशी.

त्या शब्दांचा अर्थ असा. दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर जपान सप्टेंबर १९४५ पासून २८ एप्रिल १९५२ पर्यंत दोस्त राष्ट्रांच्या, मुख्यतः अमेरिकेच्या, लष्करी अमलाखाली होता. शहरं जळालेली, अन्नाचा तुटवडा. बाहेरून धान्य आणायचं तर बाहेर काही विकायला हवं. कापड, खेळणी आणि कपबश्या हा त्यातल्या त्यात लवकर तयार होणारा माल. १९४७ मध्ये परदेशी व्यापार पुन्हा सुरू झाला, तेव्हा निर्यातीच्या मालावर आपला देश दुसऱ्याच्या ताब्यात आहे, हे लिहिणं जपानी कारखान्यांना सक्तीचं झालं. पुढे सक्ती सैल झाली आणि १९५२ नंतर हे शब्द लिहिण्याचं कारणच संपलं. आज अमेरिकेत या चार-पाच वर्षांतल्या भांड्यांचा आणि बाहुल्यांचा संग्रह करणारी मंडळी आहेत. पण मला हलवून गेली ती गोष्ट निराळी. पोटात नीट भाकर नसलेल्या कुणा कारागिराने ही बशी हातात घेतली असेल. पाठीवर त्याच्या देशाच्या पराभवाचा शिक्का बसला, आणि पुढच्या बाजूला त्याने वसंताची चाहूल देणारी फांदी काढली.

ही फांदी कसली, तेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही तिला 'सफरचंदाची' म्हणत असू आणि पक्ष्याला चिमणी. फांदी आहे 'उमे'ची. इंग्रजीत तिला प्लम म्हणतात. थंडी सरायच्या आधी, पानांचा पत्ता नसताना, हे झाड फुलतं. जपानच्या जगप्रसिद्ध 'साकुरा'हून ते वेगळं, आणि ओळखायची खूण सोपी आहे. उमेची पाकळी गोल असते, साकुराच्या पाकळीच्या टोकाला खाच असते. भांड्यांवरची चित्रंही हा फरक इमानाने पाळतात.

उमेच्या फांदीवर पक्षी बसवायचा तो 'उगुइसु'. वसंताचं पहिलं गाणं त्याचं, म्हणून ही जोडी ठरलेली. गंमत अशी की, खरा उगुइसु दिसायला मळकट तपकिरी आणि तो झुडपांत लपून गातो. फुलांतला मध चाखायला फांदीवर येतो तो 'मेजिरो', हिरवा, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला. लोकांनी आवाज एकाचा घेतला, रूप दुसऱ्याचं घेतलं आणि चित्रात दोघांचा एक पक्षी केला. या मेजिरोचा सख्खा नातलग आपल्या सह्याद्रीतही आहे. आपण त्याला 'चष्मेवाला' म्हणतो. आत्याच्या बशीवर बसलेला पाहुणा इतका काही परका नव्हता.

जपानी भांड्यांवर निसर्ग नुसता सजावट म्हणून येत नाही. आपल्याकडे मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी पावसाची नक्षत्रं शेतकऱ्याच्या तोंडी असतात. तिथल्या जुन्या पंचांगात तर वर्षाचे बहात्तर भाग केलेले आहेत. 'वाऱ्याने बर्फ वितळतं', 'उगुइसु गाऊ लागतो' अशी एकेका भागाची नावं. ही जाण थेट ताटापर्यंत उतरली. वसंतात साकुराची बशी, पावसाळ्यात हायड्रेंजियाची, उन्हाळ्यात मॉर्निंग ग्लोरीची, शरदात लाल मेपलच्या पानांची. ही पानं वाहत्या पाण्यावर दाखवली, की ती तात्सुता नदी समजायची. बर्फाने वाकलेला बांबू हिवाळ्याचा. पण भर उन्हाळ्यातही बर्फाची नक्षी मुद्दाम वापरतात, डोळ्यांना गारवा वाटावा म्हणून. चोखंदळ घरात फुलाची बशी ते फूल उमलायच्या थोडी आधी काढतात. ऋतू दारात येऊन उभा राहिल्यावर त्याची तयारी करायची म्हणजे उशीरच झाला.

काही जोड्या पक्क्या आहेत. पाइन, बांबू आणि उमे हे तिघे थंडीतले सोबती. शुभकार्याच्या भांड्यांवर हे हमखास. बांबूबरोबर चिमण्या, मेपलबरोबर हरिण, लाटांवरून उडणारे छोटे 'चिदोरी' पक्षी. आणि लाटांवरून उड्या मारणारा ससा! समुद्रात ससा कुठून आला? तर ही चंद्रप्रकाशात पाण्यावर पडलेली चंद्राची छाया. 'चिकुबुशिमा' या नोह नाटकात सरोवरावरच्या चांदण्याचं वर्णन करताना लाटांवर धावणारा ससा येतो. चंद्रावर ससा आहे ही कल्पना आपण 'शशांक' या शब्दात रोज वापरतो. ससा जातकातली, अतिथीसाठी स्वतःला अग्नीत झोकून देणाऱ्या सशाची कथा बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेली. निळ्या लाटांवरचा तो ससा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आपलंच कुणीतरी माणूस परगावी भेटल्यासारखं झालं.

चित्रांची गोष्ट अशी लोभस. पाठीची गोष्ट मात्र तितकी लोभस नाही, आणि ती सुरू होते पहिल्या भांड्यापासूनच.

आपण सगळ्यालाच 'चिनी माती' म्हणतो. लोणच्याच्या बरणीला आणि कपबशीलाही. पण बरणी जाड, पलीकडचं काही दिसणार नाही अशी. पोर्सेलिन हे प्रकरण निराळं. त्यासाठी विशिष्ट पांढरा दगड किंवा पांढरी माती लागते, आणि सुमारे १३०० अंशांची आच. तेव्हा कुठे ती जवळजवळ काचेसारखी होते. दिव्यासमोर धरली तर पातळ बशीतून बोटांची सावली दिसते, टिचकी मारली तर घंटेसारखी वाजते. ही विद्या चीनकडे होती, कोरियाकडे होती. जपानकडे नव्हती. १५९२ ते १५९८ या काळात तोयोतोमी हिदेयोशीने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. स्वाऱ्या फसल्या, पण परतताना जपानी सरदारांनी तिथले कुंभार बायकामुलांसकट उचलून आणले. जपानमध्ये या स्वाऱ्यांना 'भांड्यांची लढाई' असंही म्हणतात. त्यांपैकी यी साम-प्योंग नावाच्या कुंभाराला क्यूशू बेटावरच्या अरिता गावाजवळ, इझुमियामाच्या डोंगरात हवा तो दगड सापडला, अशी परंपरागत हकीकत आहे. साल सांगतात १६१६. दगड कुटून, धुऊन, गाळून माती करायची. अरिताने चारशे वर्षांत तो डोंगर इतका खणला, की आज तिथे डोंगराच्या जागी मोठी खाच दिसते. आता बराचसा कच्चा माल अमाकुसा बेटांवरून येतो. गावात यी साम-प्योंगचं स्मारक आहे, आणि तिथल्या तोझान देवळाची कमानच पोर्सेलिनची आहे. ज्याला पकडून आणलं, त्याला गावाने आद्यपुरुष मानलं. झाल्या गोष्टीची त्याने भरपाई होते असं नाही. पण गावाने ती लपवलेलीही नाही.

१६४४ मध्ये चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, यादवी माजली आणि चिनी भांडी मिळेनाशी झाली. डच ईस्ट इंडिया कंपनीने मग जपानकडे मोर्चा वळवला. १६५९ मध्ये तिने एका फटक्यात ५६ हजार ७०० नगांची मागणी नोंदवली. डोंगरातल्या त्या गावाने ही मागणी कशी पुरी केली असेल, याची कल्पनाच करावी. माल अरिताहून इमारी बंदरात यायचा, तिथून नागासाकीला आणि पुढे डच गलबतांतून युरोपात. माल अरिताचा आणि नाव झालं इमारीचं.

त्यातलं सर्वांत नाजूक काम काकिएमोन घराण्याचं. 'काकी' म्हणजे आपली काकी नव्हे. जपानी भाषेत ते एका नारिंगी-लाल फळाचं नाव, आपल्या तेंदूच्याच कुळातलं. त्या फळाचा रंग या घराण्याने भांड्यावर उतरवला. रंगाला खुलवणारी त्यांची दुधाळ पांढरी पार्श्वभूमी म्हणजे 'निगोशिदे'. तिकडच्या बोलीत या शब्दाचा संबंध तांदूळ धुतलेल्या पाण्याशी आहे. मराठी गृहिणीला वेगळं सांगायला नको. आपण त्याला तांदळाचं धुवण म्हणतो. कुठल्याही शास्त्रीय नावाने तो रंग इतका नेमका कळला नसता. काकिएमोनच्या कारागिरांनी बशीचा मोठा भाग रिकामा सोडला आणि एका कोपऱ्यात दोन लावे पक्षी आणि धान्याचं कणीस काढलं. जर्मनीतल्या माइसेनपासून इंग्लंडपर्यंत सगळ्यांनी त्याच्या नकला केल्या. निगोशिदेची कृती पुढे दीडेकशे वर्षांहून जास्त काळ हरवली होती. बाराव्या आणि तेराव्या काकिएमोनांनी, म्हणजे बापलेकांनी, १९५३ मध्ये ती पुन्हा जुळवली. आत्याच्या सेटवरचे 'व्याप्त जपान' हे शब्द पुसले गेल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

ही झाली राजेरजवाड्यांची भांडी. तुमच्या-माझ्या घरात जुनं जपानी भांडं असलंच, तर ते बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचं असणार, आणि त्याची पाठ वाचता येण्याजोगी असते. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं भाग पाडलं. तेव्हापासून जपानी भांड्यांवर 'निप्पॉन' असा शब्द दिसतो. १९२१ मध्ये अमेरिकेने ठरवलं, की हा शब्द जपानी आहे, इंग्रजी हवा. त्यानंतर 'जपान' आणि 'मेड इन जपान'. पुढे आमच्या आत्याचा तो 'व्याप्त'. नुसत्या शब्दांवरून भांड्याचं वय असं ढोबळ का होईना सांगता येतं.

या काळातलं मोठं नाव नोरिताके. १८७६ मध्ये मोरिमुरा बंधूंनी न्यूयॉर्कशी व्यापार सुरू केला. १९०४ मध्ये नागोयाजवळच्या नोरिताके नावाच्या खेड्यात कारखाना उभा राहिला. पण संपूर्ण डिनर सेट काही साधेना. कारण साधंच. जपानी जेवण वाट्या आणि लहान बश्यांचं. पाश्चात्त्यांना हवी होती सपाट, पंचवीस सेंटीमीटरची थाळी, आणि भट्टीत तिचा मध्य खचायचा. एका थाळीपायी दहा वर्षं गेली! १९१४ मध्ये 'सेदान' नावाचा पहिला डिनर सेट निघाला. पुढे नोरिताकेची 'अझेलिया' ही गुलाबी फुलांची नक्षी अमेरिकेतल्या घराघरांत गेली, तीही साबणाबरोबर. बफेलो शहरातली लार्किन ही साबणाची कंपनी खरेदीवर बक्षिसं देई, त्यांत अझेलियाची भांडी असत. साबण घेत घेत एकेक नग जोडून संसार मांडलेल्या त्या बायका म्हणजे या छंदाच्या आद्य संग्राहकच. युद्धाने हे सगळं थांबवलं. युद्धानंतर पुन्हा भट्टी पेटली, तेव्हा मालाचा दर्जा पूर्वीसारखा नव्हता. कारखान्याने १९४६ पासून काही काळ आपलं नाव भांड्यांवर घातलं नाही. 'रोझ चायना' असं दुसरंच नाव वापरलं. दर्जा परत आला तेव्हाच जुनं नाव परत आलं. उपासमारीच्या दिवसांत बाळगलेला हा स्वाभिमान मला त्यांच्या कुठल्याही सोनेरी रेघेपेक्षा मोलाचा वाटतो.

मुंबईचाही या व्यापाराशी संबंध आहे. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने कोबे-मुंबई बोटी सुरू केल्या. त्या चालल्या मुख्यतः आपल्या कापसावर. पण याच मार्गाने दोन्ही देशांतली देवाणघेवाण वाढली. टाटा बंधूंनी जमवलेल्या कलावस्तूंत चिनी आणि जपानी पोर्सेलिनचा मोठा भाग आहे. सर रतन आणि सर दोराबजींचे ते संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मुलांना घेऊन एखाद्या रविवारी अवश्य पाहा.

पण तिथे काचेपलीकडे उभं राहिलं, की मला आत्याचं कपाट आठवतं आणि मनात तोच प्रश्न येतो. ही भांडी काचेआड ठेवायला केली होती का?

जपानमध्ये योदो नावाची नदी आहे. क्योतो आणि ओसाका यांच्यामधली प्रवासी होड्यांची वाहतूक पूर्वी तिच्यातून चाले. हिराकाताजवळ छोट्या होड्यांतून खाऊ विकणारे येत आणि ओरडत, 'कुरावान्का!' म्हणजे जवळजवळ 'अरे, खाताय की नाही?' अशा दांडगट भाषेत. ज्या जाड, स्वस्त, निळ्या नक्षीच्या वाडग्यांतून ते खाणं द्यायचे, त्या वाडग्यांना आज 'कुरावान्का'च म्हणतात. हासामी भागातल्या भट्ट्यांतून ते हजारोंनी निघत. गिऱ्हाइकं पैसे चुकवण्यासाठी रिकामे वाडगे हळूच नदीत सोडून देत, कारण हिशेब वाडग्यांवर होई, असं सांगतात. त्यांवरची फुलं दोन-चार फटकाऱ्यांत काढलेली, घाईची. आणि आज हेच वाडगे संग्राहक जिवापाड जपतात. यानागी सोएत्सू या विचारवंताने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच आग्रहाने मांडलं, की एकच फूल हजारदा काढणाऱ्या, नाव न लिहिणाऱ्या कारागिराच्या हाताला जे साधतं, ते मोठ्या कलावंतालाही साधेलच असं नाही. आणि वस्तूचं सौंदर्य वापराने पुरं होतं. १९३६ मध्ये तोक्योत त्याने लोककलांचं संग्रहालय काढलं. वापराचं महत्त्व सांगणाऱ्याने संग्रहालय काढावं, हा विरोधाभास आहेच. आम्ही छंदिष्ट सगळे त्याच होडीत बसलेले.

मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने दोन महिने मला जपानमध्ये राहायला मिळालं. क्योतोच्या तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या एकवीस तारखेला जुना बाजार भरतो. तिथे निळ्या नक्षीच्या लहान बश्या मला आवडल्या. मी बोटांनी सहा दाखवल्या. विक्रेत्या आजीबाईंनी पाच गुंडाळून दिल्या. मी पुन्हा सहा दाखवल्या. त्यांनी हसून मान हलवली. मुलाने मग समजावलं, की इथे संच पाचाचा. विषम संख्या शुभ, शिवाय चार या आकड्याचा एक उच्चार 'मृत्यू'सारखा होतो, म्हणून चार टाळायचे. आपल्याकडे अर्धा डझनाशिवाय संसार पुरा होत नाही, तिथे पाचावर होतो. मला घरचे पाच कप आठवले. आत्याचा सेट परदेशी गिऱ्हाइकासाठी सहाचाच बनवलेला होता, हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवशी आजीबाईंनी एक जुनं ओझं किंचित हलकं केलं.

फुटक्याचं काय करायचं, यावरही त्या लोकांनी पुष्कळ विचार केला आहे. लाखेने सांधून वर सोन्याची पूड लावायची 'किंत्सुगी' आता जगभर ठाऊक झाली आहे. पण गरिबाचं काय? एदो काळात काचेची पूड लावून, पुन्हा भाजून सांधणारे कारागीर होते; आपल्याकडच्या कल्हईवाल्यांसारखे. आणि तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक फिकट हिरवा चिनी वाडगा आहे. त्याला तडा गेला म्हणून पंधराव्या शतकात शोगून अशिकागा योशिमासाने तो चीनला पाठवून तसाच दुसरा मागवला, अशी कथा आहे. तसा वाडगा आता होत नाही, असं सांगून चिन्यांनी तोच लोखंडी टाचे मारून परत केला. हे टाचे टोळासारखे दिसतात, म्हणून त्या वाडग्याचं नावच टोळावरून पडलं. आज त्या टाच्यांसकटच तो नावाजला जातो.

ज्यांना हा छंद लागावासा वाटतो, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. भांडं आधी पालथं करा, मग सुलटं. काठावरून डोळे मिटून बोट फिरवा. टवका डोळ्यांआधी बोटाला कळतो. टिचकी मारा, भदाभदा आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. नक्षीवर नख हलकेच न्या. गुळगुळीत लागली तर रंग चकाकीच्या आत आहे, कधी जायचा नाही. उंचवटा लागला तर रंग वरून चढवलेला आहे, त्याला जपा. जुन्या मोठ्या अरिता थाळ्यांच्या पाठीला टोचल्यासारख्या बारीक खुणा दिसल्या, तर दोष समजू नका. भट्टीत थाळीचा मध्य खचू नये म्हणून खालून दिलेल्या टेकूंच्या त्या खुणा. नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका, कारण 'निप्पॉन'चे खोटे शिक्केही निघाले आहेत. जुन्या वरच्या रंगांत शिसं असू शकतं. तेव्हा त्यांत लोणचं, चिंच, कोकम असलं आंबट ठेवू नका. सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, आणि राख-चिंचेने तर मुळीच घासू नका. आमच्या बशीचा दाखला आहेच.

एखाद्या जाणकाराला मी आत्याचा सेट दाखवला, तर तो पाच बश्या हाती घेईल आणि सहावी बाजूला सारील. बाजाराच्या हिशेबाने तिची किंमत शून्य. पण सहा बहिणींतल्या पाचजणी जन्मभर कपाटात बसून राहिल्या, आणि एकच रोज देवाच्या, माणसांच्या, पाण्याच्या सहवासात आली. आत्याचा हात तिच्यावर जितका फिरला तितका इतर पाचांवर मिळून फिरला नसेल. वापराने पुसलेलं ते चित्र हेच आत्याचं माझ्याकडचं एकमेव हस्ताक्षर.

म्हणून अलीकडे मी एक नियम केला आहे. रविवारी सकाळचा चहा जपानी सेटमधून. मागच्या महिन्यात आठ वर्षांची नात राहायला आली होती. तिच्या आईने सवयीने तिच्यापुढे स्टीलचा पेला ठेवला. मी तो उचलला आणि जपानी कपात दूध ओतून तिच्या हातात दिलं. "हळू धर," एवढंच म्हटलं. दूध संपल्यावर तिने बशी उचलली, निरखली आणि विचारलं, "आजी, ही चिमणी हिरवी का आहे?"

तेवढ्यात अंगणातल्या शेवग्यावर चष्मेवाल्यांचा थवा उतरला होता. मी तिला खिडकीशी नेलं. कप तिच्या हातातच होता.